मोठी मोटरहोम, जुनी जागा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मोठ्या मोटरहोमसाठी, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाड्यांसाठी, कॅम्पग्राउंडमधील मुक्कामाच्या जागा कशा आखाव्यात आणि जुन्या जागांमध्ये कोणते बदल करावेत, याविषयी कॅम्पग्राउंड चालवणाऱ्या आणि नव्याने उभारू पाहणाऱ्या वाचकांकडून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांतील मापे मुख्यतः अमेरिकेतील आहेत, कारण ४५ फूट लांबीपर्यंतच्या मोटरहोम तिथे वापरात आहेत आणि त्यांच्या वीजजोडणीचे लेखी नियमही तिथे तपशीलवार आहेत. तिथे चालक डावीकडे बसतो आणि वीज, पाणी व सांडपाणी या तिन्हींच्या जोडण्या बहुतेक गाड्यांच्या डाव्या अंगाला असतात. जिथे चालक उजवीकडे बसतो, तिथे आपल्याकडे येणाऱ्या गाड्यांच्या जोडण्या कोणत्या बाजूला आहेत हे आधी पाहावे आणि मगच पुढील डावे-उजवे आपल्या जागेला लावावे.

प्रश्न : आमच्या जागा ६० फूट लांब आहेत आणि आरक्षणाच्या वेळी आम्ही तसे सांगतोही. तरीही ४० फुटांहून मोठ्या मोटरहोमचे चालक आत येतात, एक फेरी मारतात आणि मुक्काम न करताच निघून जातात. लांबी पुरेशी असताना नेमके कुठे चुकते आहे?

उत्तर : चूक बहुधा जागेत नसून जागेपर्यंत पोहोचण्याच्या वाटेत आहे. गाडी उभी राहिल्यावर तिला किती लांबी लागते हे मोजणे सोपे असते आणि म्हणून सगळे तेवढेच मोजतात. परंतु उभी राहण्यापूर्वी ती ज्या वळणातून येते, ज्या झाडाच्या अगदी जवळून जाते आणि ज्या कोनातून मागे सरकते, त्याचा हिशेब निराळा असतो. माझ्या अनुभवात लांबी अपुरी पडल्यामुळे वाया गेलेल्या जागा थोड्या आहेत, वळणामुळे आणि रुंदीमुळे वाया गेलेल्या मात्र पुष्कळ आहेत.

४५ फुटी मोटरहोमच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये सुमारे २५ फूट अंतर असते. अशी गाडी १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर फिरवली, तर मागची चाके पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, ती त्या मागाच्या सुमारे २ मीटर आतून जातात. गाडीची स्वतःची रुंदी साडेआठ फूट, म्हणजे साधारण २.६ मीटर आहे. दोन्ही मिळून ४.६ मीटर, म्हणजे १५ फुटांचा पट्टा नुसता गाडी फिरण्यातच जातो, आणि आपला एकेरी रस्ता बहुतेक वेळा १२ फुटांचा असतो. सरळ भागात १२ फूट पुरतात. वळणावर तोच रस्ता १६ ते १८ फुटांपर्यंत रुंद करावा लागतो आणि ही वाढ आतल्या बाजूला द्यावी लागते.

बाहेरच्या बाजूचा धोका वेगळा आहे. मोठ्या मोटरहोमच्या मागच्या चाकांच्या पलीकडे १० ते १५ फूट अंग मोकळे सुटलेले असते. पुढचा भाग डावीकडे वळू लागला की मागचा उजवा कोपरा उजवीकडे फेकला जातो, आणि तोही फूट-दोन फूट. चालकाचे सगळे लक्ष त्या क्षणी आतल्या कोपऱ्याकडे असते. एका जुन्या कॅम्पग्राउंडची पाहणी करताना वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभ्या असलेल्या एका जाड खोडावर कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीला साल सोललेली दिसली, आणि त्या उघड्या लाकडावर पांढऱ्या, करड्या, तपकिरी रंगांचे ओरखडे एकावर एक बसलेले होते. खोड रस्त्याच्या कडेपासून दीड फुटावर होते. तिथल्या नकाशात त्या वळणाची त्रिज्या अगदी योग्य दाखवलेली होती. शेपटीचा विचार मात्र कोणी केलेला नव्हता.

जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये हे असे का होते, याला इतिहास आहे. अमेरिकेच्या वनखात्यासाठी काम करणारे वनस्पती-रोगतज्ज्ञ ई. पी. माइनेके यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅम्पग्राउंडच्या आखणीची पद्धत घालून दिली. मोटारी वाटेल तिथे फिरल्याने माती दबते, मुळे गुदमरतात आणि झाडे मरतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. म्हणून त्यांनी एकेरी वळसा घेणारा रस्ता, त्याला तिरप्या फुटणाऱ्या आखूड गाडीजागा आणि कडेने मोठे दगड, अशी रचना सुचवली. झाडांच्या दृष्टीने ती रचना आजही उत्तम आहे. पण ती त्या काळच्या मोटारींच्या मापाची आहे, आणि कडेचे ते दगड नेमके आजच्या मोटरहोमच्या कोपऱ्यांच्या आड येतात. त्यामुळे रचना मोडू नये, तिचे माप वाढवावे.

कागदावर नवे वळण काढण्याआधी एक साधी चाचणी करावी. मोठी मोटरहोम असलेल्या एखाद्या अनुभवी पाहुण्याला विनंती करून सकाळच्या वेळी गाडी फाटकापासून जागेपर्यंत अगदी सावकाश न्यायला सांगावे. एकाने मागच्या आतल्या चाकाबरोबर चालत चाकाच्या मागावर चुन्याची फक्की टाकावी, दुसऱ्याने मागच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली तसेच करावे. गाडी निघून गेल्यावर जमिनीवर ज्या दोन पांढऱ्या रेषा उरतात, तोच आपला खरा रस्ता. त्या रेषांच्या आत किंवा त्यांच्यापासून दोन फुटांच्या अंतरात जे काही येते, मग तो दगड असो, पाण्याचा नळ असो वा फलक, ते हलवावे.

प्रश्न : पुढून शिरून पुढूनच बाहेर पडता येईल अशा आरपार जागा कराव्यात, की मागे घेऊन लावायच्या जागा कराव्यात? आरपार जागांना जमीन फार लागते.

उत्तर : जमीन लागते हे खरे आहे, पण निर्णय जमिनीवर न सोडता पाहुणा किती दिवस राहतो यावर घ्यावा. मोठ्या मोटरहोमच्या मागे बहुधा एक छोटी मोटार ओढत आणलेली असते आणि ती चारही चाकांवर चालत येते. अशी जोडणी मागे घेता येत नाही. दोन-चार फूट मागे घेताच ओढलेल्या मोटारीची पुढची चाके आडवी होतात, आणि तशीच रेटली तर ओढदांडा किंवा स्टिअरिंगचे भाग वाकतात. एका रात्रीपुरता थांबणाऱ्या पाहुण्याला मोटार सोडून पुन्हा जोडण्याचा खटाटोप नको असतो, म्हणून महामार्गाजवळच्या कॅम्पग्राउंडला आरपार जागाच हव्यात. ४५ फूट मोटरहोम, ५ फूट ओढदांडा आणि १५ फूट मोटार असे ६५ फूट होतात. पुढे-मागे थोडी मोकळीक धरून ७५ ते ८० फूट लांबी द्यावी.

आठवडा-पंधरवडा राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ते मोटार सोडतातच, त्यांना जास्त हवी असते ती सावली आणि शेजाऱ्यापासून आडोसा, आणि या दोन्ही गोष्टी मागे घेऊन लावायच्या जागेत चांगल्या साधतात. मात्र अशी जागा रस्त्याशी काटकोनात आखू नये, ४५ ते ६० अंशांत तिरपी ठेवावी, आणि एकेरी रस्त्यावर ती चालकाच्या बाजूला असावी, म्हणजे मागे घेताना चालकाला जागेचा आतला कोपरा स्वतःच्या खिडकीतून आणि आरशातून दिसतो. हीच जागा उलट्या बाजूला असली तर तो कोपरा पूर्ण वेळ नजरेआड राहतो.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट विसरू नये. फाटकाजवळ, नोंदणीच्या खिडकीपाशी, वाहतूक न अडवता मोटार सोडता येईल असा ८० फूट लांबीचा एक बाजूचा पट्टा हवाच. आणि आतला कोणताही रस्ता पुढे बंद होणारा नको. चुकून शिरलेल्या चालकाला वळसा घालून बाहेर पडता आले पाहिजे.

प्रश्न : पॅडची, म्हणजे गाडी उभी करण्यासाठी केलेल्या पक्क्या तळाची, रुंदी १२ फूट आहे. गाडी साडेआठ फूट रुंद असताना ही रुंदी कमी कशी पडते?

उत्तर : चाकांना ती कमी पडत नाही, जी मोटरहोम मुक्कामाला उभी राहते तिला ती कमी पडते. १९९०मध्ये न्यूमार कंपनीने मोटरहोमच्या भिंतीतून बाहेर सरकणारे कप्पे, म्हणजे स्लाइड-आउट, बाजारात आणले आणि पुढे ते सर्वत्र रूढ झाले. त्यापूर्वी आखलेल्या जागांनी गाडीची रुंदी रस्त्यावरचीच धरलेली आहे. आज मुक्कामाच्या जागी दोन्ही बाजूंचे कप्पे सुमारे ३-३ फूट बाहेर येतात, म्हणजे गाडी साडेचौदा फुटांची होते. दरवाजाच्या बाजूला कापडी छत ८ ते १० फूट पसरते. जोडण्यांच्या बाजूला माणसाला नळी घेऊन वाकता येईल एवढी वाट लागते. छताखाली खुर्च्या, त्यापलीकडे टेबल, आणि छताच्या कापडापासून व भिंतीपासून सुरक्षित अंतरावर शेकोटीची जागा धरली, तर एका जागेची एकूण रुंदी ३५ फुटांच्या आत बसवणे मला योग्य वाटत नाही. पॅड स्वतः १४ ते १६ फूट असले तरी चालते, कारण कप्पे हवेत तरंगतात, त्यांना खाली फरशी लागत नाही. त्यांना मोकळीक लागते, आणि ती वरही लागते. पॅडच्या कडेला लावलेले झुडूप आज गुडघ्याएवढे असले तरी पाच वर्षांनी कप्पा नेमका त्याच्यातच उघडणार असतो.

सर्वांत जास्त नडतो तो वीजजोडणीचा खांब, म्हणजे पेडेस्टल. जुन्या जागांत तो पॅडला खेटून असतो. गाडी कशीबशी शिरते, पण डावीकडचा मोठा कप्पा उघडू लागताच खांबाला अडतो; मग चालक गाडी उजवीकडे घेतो, तेव्हा दरवाजा झाडाशी येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेच्या ५५१व्या अनुच्छेदात यासाठी स्पष्ट रेषा दिली आहे : गाडी उभी राहण्याच्या जागेच्या डाव्या कडेपासून ५ ते ७ फूट अंतरावर, आणि मागे घेऊन लावायच्या जागेत मागच्या टोकापासून पुढे १५ फुटांपर्यंत कुठेही. आरपार जागेत तो मागच्या टोकापासून १६ फूट पुढून सुरू होऊन दोन्ही रस्त्यांच्या मध्यबिंदूपर्यंत कुठेही चालतो. सॉकेटची उंची जमिनीपासून २ फुटांहून कमी आणि साडेसहा फुटांहून जास्त नसावी. संहिता बंधनकारक नसलेल्या ठिकाणीही ही मापे घ्यावीत, कारण गाड्यांच्या केबलची आणि कप्प्यांची जागा त्यांच्याशी जुळते.

चाकाची खुर्ची वापरणाऱ्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या जागांत गाडी उभी करण्याचा भागच २० फूट रुंद असावा, असे अमेरिकेतील संघराज्य सरकारच्या जमिनींवरील कॅम्पग्राउंडना लागू असलेले २०१३चे नियम सांगतात. गाडीतून खुर्ची खाली आणणारी उचलपट्टी उतरवून, खुर्ची फिरवून दरवाजापर्यंत येण्यासाठी ती रुंदी लागतेच, त्यामुळे खासगी मालकांनीही त्यात काटकसर करू नये.

प्रश्न : आमच्याकडे २० जागांना ३० अँपिअरची जोडणी आहे. सगळीकडे ५० अँपिअरचे सॉकेट बसवून घ्यावेत का? वीजतंत्री म्हणतो, सॉकेट आणि ब्रेकर बदलले की काम झाले.

उत्तर : असे करू नका. या एका सल्ल्यामुळे झालेले नुकसान मी अनेक ठिकाणी पाहिले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

३० आणि ५० हे आकडे जवळचे वाटतात, पण त्यांतून मिळणारी वीज तशी नाही. ३० अँपिअरची जोडणी एका फेजवर १२० व्होल्टची असते, म्हणजे ३,६०० वॉट. ५० अँपिअरच्या जोडणीत चार तारा असतात : दोन फेज, एक न्यूट्रल आणि एक अर्थ. दोन फेजांमध्ये २४० व्होल्ट असल्याने तिची क्षमता १२,००० वॉट होते, म्हणजे तिपटीहून जास्त. (युरोपातील कॅम्पग्राउंडची निळी १६ अँपिअरची जोडणी २३० व्होल्टवर ३,६८० वॉट देते, म्हणजे ती या ३० अँपिअरच्या जोडणीच्या बरोबरीची आहे.) मोठ्या मोटरहोममध्ये छतावर दोन-तीन वातानुकूलन यंत्रे, विजेवरचे पाणी तापवण्याचे साधन, घरगुती आकाराचा फ्रिज आणि अलीकडे इंडक्शनची शेगडीही असते. ती १२,००० वॉटची क्षमता खरोखर वापरली जाते.

आता आपल्या २० जागांचा हिशेब पाहू. वरील संहितेप्रमाणे ३० अँपिअरच्या जागेला ३,६०० आणि ५० अँपिअरच्या जागेला १२,००० व्होल्ट-अँपिअर (वॉटसारखेच भाराचे माप) धरतात. हा दुसरा आकडा २०२०च्या आवृत्तीत ९,६०० वरून वाढवण्यात आला. सगळे एकाच वेळी पूर्ण भार घेत नाहीत, म्हणून १९ ते २१ जागांसाठी एकूण बेरजेच्या ४५ टक्के भार धरण्याची मुभा आहे. त्यानुसार आपल्या आजच्या जागांचा भार ३२,४०० येतो, म्हणजे २४० व्होल्टवर १३५ अँपिअर. सगळ्या जागा ५० अँपिअरच्या केल्या तर तोच भार १,०८,००० होतो, म्हणजे ४५० अँपिअर. जमिनीखालची केबल, वाटपाची पेटी आणि ट्रान्सफॉर्मर पूर्वीच्या भाराला धरून घातलेले असतील, तर वरचा सॉकेट बदलून त्यांची क्षमता वाढणार नाही. शिवाय जुन्या तीन तारांच्या केबलवर चार तारांचा सॉकेट बसवण्याची पळवाट कोणी काढली, तर ती सरळसरळ धोकादायक आहे.

४५ टक्क्यांच्या सवलतीविषयीही सावध राहावे. ती नियमाने किमान म्हणून दिली आहे. उन्हाळ्यातल्या दुपारी सगळ्यांचीच वातानुकूलन यंत्रे एकदम चालू असतात, आणि त्या वेळी रांगेतल्या शेवटच्या जागेवर काय होते हे पाहायला हवे. लांब केबलमध्ये व्होल्टेज पडते. १२० ऐवजी १०५ व्होल्ट मिळू लागले की कॉम्प्रेसरची मोटर चालू होताना अडखळते, जास्त प्रवाह ओढते आणि तापते. पाहुण्याला एवढेच दिसते की यंत्र बंद पडले. म्हणून मीटर घेऊन भर दुपारी, भरलेल्या कॅम्पग्राउंडमध्ये, सर्वांत लांबच्या पेडेस्टलवर व्होल्टेज मोजावे. पहाटे रिकाम्या रांगेत केलेले मोजमाप काही सांगत नाही. मुख्य पेटीपासून शेवटच्या जागेपर्यंतची एकूण घट ५ टक्क्यांच्या आत राहील अशा जाडीच्या तारा घालाव्यात.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ५० अँपिअरच्या जोडणीत न्यूट्रलची तार सैल झाली किंवा तुटली, तर गाडीतल्या दोन बाजूंची उपकरणे एकापाठोपाठ एक जोडल्यासारखी होतात आणि २४० व्होल्ट त्यांच्यात असमान वाटले जातात. ज्या बाजूला भार कमी, त्या बाजूचे व्होल्टेज चढते आणि फ्रिज, चार्जर, दूरदर्शन संच काही क्षणांत जळू शकतात. ब्रेकर यात पडतोच असे नाही, कारण प्रवाह वाढलेला नसतो. म्हणून नव्या पेडेस्टलच्या प्रत्येक जोडाची घट्ट बसणी टॉर्कच्या, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या, पान्याने तपासावी आणि दर हंगामाच्या सुरुवातीला ती पुन्हा तपासावी. सॉकेटचे झाकण उचलून पाहावे : छिद्राच्या कडेला तपकिरी झाक आली असेल, प्लॅस्टिक किंचित फुगले असेल किंवा प्लग घातल्यावर तो स्वतःच्या वजनाने खाली झुकत असेल, तर आतल्या पट्ट्यांची पकड गेलेली आहे. तो सॉकेट त्याच दिवशी बदलावा.

आपल्यापुरते सांगायचे तर सगळ्या २० जागा बदलू नका. संहिता नव्या वीजजोडणीच्या जागांपैकी ४० टक्के आणि जुन्यांपैकी २० टक्के जागांना ५० अँपिअरची जोडणी असावी असे सांगते. वाटपाच्या पेटीला सर्वांत जवळ असलेल्या आठ जागा निवडाव्यात, त्यांना स्वतंत्र नवी केबल घालावी, आणि प्रत्येक पेडेस्टलवर ५० बरोबर ३० आणि २० अँपिअरचे सॉकेटही ठेवावेत, म्हणजे लहान गाडीला जुळवणीच्या तुकड्यांची गरज पडणार नाही. हे सर्व काम परवानाधारक वीजतंत्र्याकडून, स्थानिक तपासणीसह व्हावे. आपल्या सध्याच्या वीजतंत्र्याला वरचा हिशेब दाखवून तो काय म्हणतो ते ऐकावे.

प्रश्न : पाणी आणि सांडपाण्याची जोडणी नेमकी कुठे असावी?

उत्तर : डाव्या अंगाला, जागेच्या मागच्या निम्म्या भागात. गाडीच्या टाकीचे तोंड बहुधा मागच्या चाकांच्या आसपास असते आणि पाहुण्याकडे १० ते २० फुटांची ३ इंची नळी असते. आपल्याकडचा पाइप ४ इंची असावा, त्याला आट्यांचे झाकण असावे आणि त्याच्याभोवती काँक्रीटचा गोल कठडा असावा, म्हणजे पावसाचे पाणी आत जात नाही आणि गवत कापण्याच्या यंत्राने तोंड फुटत नाही. आरपार जागेत शक्य असल्यास दोन ठिकाणी तोंडे द्यावीत, कारण कोणती गाडी किती पुढे उभी राहील हे सांगता येत नाही.

सुधारणा करताना एक चूक फार होते. पॅड खाली घेतले जाते आणि सांडपाण्याचे तोंड पूर्वीच्या उंचीवरच राहते. मग नळीला चढ लागतो, टाकी पूर्ण रिकामी होत नाही आणि पाहुणा नळी हातात उचलून एकेक फूट पुढे ढकलत बसतो. पॅडची नवी पातळी ठरली की त्याच दिवशी या तोंडाची पातळी ठरवावी. ते टाकीच्या तोंडाहून नेहमी खालीच असले पाहिजे.

पिण्याच्या पाण्याचा नळ सांडपाण्याच्या तोंडापासून निदान १० फूट दूर ठेवावा आणि त्यावर पाणी उलटे न खेचले जाण्यासाठी झडप बसवावी. दाब ४० ते ६० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) दरम्यान राखला तर गाडीतील नळ्यांना तो मानवतो. प्रत्येक रांगेला स्वतंत्र बंद करण्याची झडप असली म्हणजे एका फुटलेल्या नळासाठी सगळ्यांचे पाणी तोडावे लागत नाही.

प्रश्न : पॅड काँक्रीटचे करावे की खडीचे? डांबर स्वस्त पडते असे कंत्राटदार सांगतो.

उत्तर : डांबर रस्त्याला ठीक आहे, मुक्कामाच्या जागेला नको. मोठी मोटरहोम नुसत्या चाकांवर उभी न ठेवता चार जॅकवर तोलून समपातळीत आणली जाते. २० टनांच्या गाडीचा भार चार जॅकवर वाटला तर प्रत्येकी ५ टन येतो, आणि जॅकचा तळवा २५ सेंटिमीटर व्यासाचा असेल तर त्याखाली दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलो दाब पडतो. चालती चाके पुढे निघून जातात; जॅक मात्र चार दिवस एकाच बिंदूवर उन्हात उभा असतो. डांबर तापून मऊ होते, तळवा रुततो, आणि गाडी गेल्यावर चार वाटीसारखे खड्डे राहतात ज्यांत पाणी साचते.

खडीचे पॅड मला मनापासून आवडते. ते पाणी मुरवते, झाडांच्या मुळांना श्वास घेऊ देते आणि बिघडले तर फावड्याने दुरुस्त होते. पण त्याचा पाया तसा हवा : वरची माती काढून तळाची दबाई, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, मग ६ ते ८ इंच जाडीचा खडीचा थर, दोन टप्प्यांत पाणी मारून रोलरने दाबलेला. कापड वगळले की दोन पावसाळ्यांत खडी चिखलात उतरते. खडी कोनेदार फोडलेली घ्यावी. गोल गोटे दबत नाहीत आणि जॅकखालून सरकतात. काँक्रीट करायचेच असेल तर ५ ते ६ इंच जाडी, सळ्यांची जाळी आणि ठराविक अंतरावर सांधे द्यावेत.

पृष्ठभागाहून उतार महत्त्वाचा आहे. पाणी वाहण्यासाठी आडवा १ ते २ टक्के उतार पुरे. लांबीच्या दिशेने २ टक्के उतार म्हटले की ऐकायला थोडा वाटतो, पण ४० फुटांत तो ९ ते १० इंचांचा फरक असतो. तेवढे उचलताना गाडीचे एक टोक हवेत जाते, पायरी उंच होते, आणि उतार मागच्या टोकाकडे असेल तर मागची चाके जमिनीवरून सुटण्याची वेळ येते. पार्किंग ब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर असल्याने ती कधीही सुटता कामा नयेत. रस्त्यावरून पॅडवर चढताना मध्ये खोल नाली असेल तर गाडीची शेपटी जमिनीला घासते. तिथे नाली बुजवून खाली नळी घालावी.

प्रश्न : सर्व बदल एकदम करणे आम्हाला परवडणारे नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सुरुवात फाटकापासून करावी आणि आत जात राहावे. सगळ्या जागा थोड्या थोड्या मोठ्या करण्यात पैसा जातो आणि एकही जागा नीट होत नाही. त्यापेक्षा फाटकाच्या सर्वांत जवळची, सर्वांत कमी वळणे लागणारी एक रांग मोठ्या गाड्यांसाठी निवडावी आणि बाकीच्या जागा तंबू व लहान ट्रेलरसाठी जशा आहेत तशा ठेवाव्यात. आतल्या अरुंद वळशावरची जुनी झाडे तोडून तिथे ४५ फुटी गाडी नेण्याचा हट्ट मी कोणालाही करू देणार नाही. ज्या झाडांमुळे लोक येतात तीच त्यात जातात.

निवडलेल्या रांगेत आधी वळणे, मग खोदकाम, आणि पॅड सर्वांत शेवटी. अनेक जण उत्साहाने आधी पॅड करतात आणि दुसऱ्या वर्षी केबलसाठी तेच फोडतात. केबलचा चर उघडलेला असतानाच त्यात एक रिकामा पाइप जास्तीचा टाकून ठेवावा, आणि चर मोठ्या झाडांच्या मुळांतून न नेता वळसा घालून न्यावा, भले त्यासाठी काही मीटर केबल जास्त लागो.

जोवर काम चालू आहे तोवर एक गोष्ट विनाखर्च करता येते. १४ फूट लांबीचा बांबू घ्यावा, वरच्या टोकाला लाल कापड बांधावे आणि तो उभा धरून फाटकापासून प्रत्येक जागेपर्यंत चालत जावे. जिथे कापड फांदीला लागेल तिथे खूण करावी. मोठी मोटरहोम साडेतेरा फुटांपर्यंत उंच असू शकते आणि छतावरच्या वातानुकूलन यंत्राचे आवरण फांदीने सहज फुटते. मग टेपने प्रत्येक जागेची वापरता येणारी लांबी, रुंदी, जोडण्यांची बाजू आणि वाटेतले सर्वांत अरुंद ठिकाण मोजून नोंदवहीत लिहावे, आणि आरक्षण घेताना जागेच्या लांबीबरोबर हे सगळे आकडे पाहुण्याला सांगावेत. आपली ६० फुटी जागा कदाचित ३४ फुटांच्याच गाडीला योग्य ठरेल. तसे असेल तर यादीत ३४ असेच लिहावे.